सात दातांचं घराणं

तुम्ही खाली जात आहात. वर पॅसिफिक महासागरातली पलाऊची बेटं आहेत आणि शेजारी प्रवाळाचा उभा कडा, ज्याचा तळ दिसत नाही. शंभर मीटरवर लाल रंग उरलेला नसतो, सगळं निळं होतं. तीनशे मीटरवर तो निळाही काळवंडतो आणि पाणी अंगाला झोंबू लागतं. तुमच्या हातात मेलेल्या कोळंबीचा एक तुकडा आहे. त्याचा वास पाण्यात पसरतो, आणि थोड्या वेळाने अंधारातून तपकिरी पट्ट्यांचा एक पांढरा शंख हेलकावत तुमच्याकडे येऊ लागतो.

हा नॉटिलस. डोक्यालाच हात फुटलेल्या शीर्षपाद प्राण्यांपैकी बाहेरून शंख वागवणारं, आज जिवंत असलेलं हे एकमेव कुळ. नव्वदच्या आसपास शुंडक कोळंबीभोवती आवळतात आणि तुकडा मधोमध ओढला जातो. तिथे डोकावून बघा. पोपटासारखी वाकडी, गर्द रंगाची चोच दिसेल. तिची टोकं मात्र पांढरी आहेत, कारण त्यांवर कॅल्शियमच्या क्षाराचं कडक टोपण चढलेलं आहे. खेकड्यांची, शेवंडांची टाकलेली कवचं ही चोच कडाकडा फोडते. चोचीच्या मागे जिभेच्या जागी दातांची एक पट्टी आहे. तिला रॅड्युला म्हणतात. या पट्टीवर दातांच्या आडव्या ओळी एकामागे एक लागलेल्या असतात. नॉटिलसच्या एका ओळीत नऊ दात आणि दोन्ही कडांना दोन-दोन चपटे तुकडे, म्हणजे एकूण १३ घटक असतात.

नऊ दात आणि एकूण तेरा घटक, हे आकडे लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या प्रवासात मोजमाप म्हणून तेच लागणार आहेत.

आता नजर शंखावर न्या. आत कप्पे आहेत, शेवटच्या मोठ्या कप्प्यात प्राणी राहतो आणि मागच्या रिकाम्या कप्प्यांमुळे तो पाण्यात तरंगतो. हे वळण तुमच्या ओळखीचं आहे. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या शाळिग्रामावर जे चक्र असतं, ते ज्युरासिक काळातल्या अमोनाइटचं असतं. नॉटिलस आणि अमोनाइट शेजारी ठेवले, तर कुणीही त्यांना सख्खे भाऊ म्हणेल. १८३२ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी नॉटिलसच्या शरीराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. अमोनाइटचं मऊ शरीर तर कुणी पाहिलेलंच नव्हतं. मग त्याच्या शंखात नॉटिलसचं अंग बसवून चित्रं काढली गेली आणि ती पाठ्यपुस्तकांत, संग्रहालयांत वर्षानुवर्षं टिकली.

ती चित्रं खरी की खोटी हे शंख सांगू शकत नाही. त्यासाठी तोंडं बघायला हवीत, आणि ती बघायला फार मागे जावं लागेल.

सुमारे ४२ कोटी वर्षं मागे. सिल्युरियन काळ.

पाणी थंडगार आहे. पुढे ज्याला बोलिव्हिया म्हणतील तो प्रदेश आत्ता गोंडवन या महाखंडाचा भाग आहे, पार दक्षिणेकडे. किनाऱ्यावर गेलात तर झाड दिसणार नाही. ओलसर जमिनीला धरून वाढणारी बोटभर उंचीची हिरवी रोपं, बस्स. जगण्याची सगळी धामधूम समुद्रात आहे. समोरून एक सरळ, निमुळता शंख आडवा तरंगत येतो. याचं नाव मिशेलिनोसेरस. वळण नाही, वेटोळं नाही, पण आत कप्पे आहेत आणि उघड्या तोंडातून हात बाहेर आलेले आहेत.

या गटाचे शंख दगडांत ढिगांनी सापडतात, पण तोंड क्वचितच टिकतं. त्याचं कारण साधं आहे. शंख खनिजाचा असतो. चोच आणि दात मात्र कायटिनचे असतात, म्हणजे ज्यापासून झुरळाचं कवच बनतं त्याच पदार्थाचे. प्राणी मेला की मऊ अंग सडतं, स्नायू सुटतात, तोंडाचा गोळा शंखातून गळून पडतो आणि रिकामा शंख वाहत जातो. तोंड टिकायचं तर प्राणी लगेच चिखलात गाडला जावा लागतो, आणि त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसावा लागतो.

तुमच्यासमोरचा हा प्राणी नेमका तसाच गाडला जातो. १९८४ मध्ये बोलिव्हियातल्या या मिशेलिनोसेरसच्या दातांचं आणि हातांचं वर्णन प्रसिद्ध झालं. एका ओळीतले दात मोजले तर ते भरतात सात.

नऊ दात नाहीत, सातच. नॉटिलसचं मोजमाप इथे पहिल्यांदा चुकतं. जरा थांबून विचार केलात तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. म्हाकूल, कटलफिश, ऑक्टोपस या आजच्या मऊ अंगाच्या शीर्षपादांच्या ओळीतही सात दात आणि कडेला एकेक चपटा तुकडा असतो. म्हणजे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या या सरळ शंखवाल्याचं तोंड आजच्या शंखवाल्या नॉटिलसशी जुळत नाही. ते जुळतं शंख टाकून दिलेल्यांशी.

या सरळ शंखवाल्यांच्याच एका शाखेतून पुढे शंख वाकू लागले, मग गुंडाळले गेले आणि सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी अमोनाइटांचे पूर्वज आले. त्याच शाखेच्या दुसऱ्या फांदीवर शंख शरीराच्या आत गेला आणि म्हाकूल-ऑक्टोपसचा वंश सुरू झाला. नॉटिलसच्या पूर्वजांनी त्याआधीच वेगळी वाट धरली होती. पण हे म्हणायला अमोनाइटचे स्वतःचे दात हाती लागायला हवेत. पुढे चला.

सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी. कार्बोनिफेरस काळ, आजच्या अमेरिकेतलं इलिनॉय.

हवा दमट आणि कोंदट आहे. तुम्ही विषुववृत्ताजवळ आहात. मागे दलदलीचं रान आहे, ज्याचा पुढे दगडी कोळसा होणार आहे. पुढ्यात नदीचं मुख आहे आणि ती गढूळ पाण्यातून चिखलाचे थर समुद्रात ओतते आहे. गाडल्या गेलेल्या प्रत्येक जिवाभोवती लोहयुक्त खनिज साचतं आणि त्याचा गोटा बनतो. मेझन क्रीकचे हे गोटे जगप्रसिद्ध आहेत. हातोडीने अचूक फोडला की गोटा दोन फाकांत उघडतो आणि आत कधी पान, कधी कोळी, कधी जेलीफिशसुद्धा निघतो.

अशाच एका गोट्यातून दातांची एक पट्टी निघाली. १९७५ मध्ये तिला पॅलिओकॅडमस असं नाव मिळालं. तिच्या ओळीतले घटक मोजले तर तेरा भरले. नॉटिलसचं तोंड ३१ कोटी वर्षांपूर्वीच तयार होतं आणि त्याची मांडणी आजतागायत तशीच राहिली आहे.

आता त्याच युगात दक्षिणेकडे, आजच्या उरुग्वेत या. इलिनॉयच्या दमट उष्म्यातून आलात म्हणून हा गारठा जास्तच बोचेल. गोंडवनाच्या दक्षिण भागावर बर्फाचे थर आहेत. या थंड समुद्रात लहान, गुंडाळलेल्या शंखांचे प्राणी राहतात. हे गोनियाटाइट, अमोनाइटांचे जुने नातलग. १९६७ मध्ये उरुग्वेतल्या इटारारे खडकांमधून त्यांचे जबडे आणि दात जागच्या जागी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ओळीतले दात होते सात.

एकाच युगातली ही दोन घराणी. दोघांचेही शंख गुंडाळलेले, दोघांच्याही शंखात कप्पे. एकाच्या ओळीत नऊ दात, दुसऱ्याच्या ओळीत सात. शंखावरून जुळवलेलं भावाचं नातं इथे तुटतं. सारखं जगावं लागलं म्हणून शंख सारखे झाले, रक्ताचं नातं मात्र लांबचंच होतं.

पुढचा मुक्काम सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. ज्युरासिक काळ, आजच्या जर्मनीतलं झोल्नहोफेन.

ऊन लख्ख आहे. प्रवाळ आणि स्पंजांच्या बांधांमागे उथळ खाजणं पसरली आहेत. वरचं पाणी स्वच्छ दिसतं, पण तळाशी मिठाने जड झालेलं, कुजकं पाणी साचलं आहे आणि तिथे काही जगत नाही. वादळाने आत ढकललेला एक अमोनाइट मरून तळाशी बसतो. बारीक चुनखडीचा गाळ त्याच्यावर हलकेच साचतो. तुम्ही शेजारी बसून राहा. शंख ज्या खनिजाचा आहे ते ॲरागोनाइट टिकाऊ नाही, त्यामुळे वर्षांमागून वर्षं तो विरघळत जातो आणि फक्त ठसा मागे ठेवतो. त्या ठशाच्या तोंडाशी मात्र दोन जाड, पांढरट, अर्धवट पंख्याच्या आकाराचे तुकडे जसेच्या तसे राहतात. ते कॅल्साइटचे आहेत. काही ठिकाणच्या थरांत तर शंख एकही उरत नाही, हेच तुकडे तेवढे विखुरलेले सापडतात.

या तुकड्यांनी अभ्यासकांना शतकभराहून जास्त चकवलं. सुरुवातीला ते शिंपल्याच्या दोन झडपा समजले गेले. १८३१ मध्ये हेर्मान फॉन मायर यांनी त्यांना ॲप्टिकस हे नाव दिलं. पुढे ते अमोनाइटच्या शंखाचं झाकण आहेत हा विचार रुजला, कारण त्यांचा आकार शंखाच्या तोंडात बरोबर बसत होता.

उलगडा झाला तो हॅम्बुर्गजवळ. तिथल्या मातीत हिमयुगातल्या हिमनद्यांनी उत्तरेकडून वाहून आणलेले ज्युरासिक काळातले दगड मिळतात. उलरिश लेमान यांनी त्या दगडांतले अमोनाइट तपासले. लेमान यांच्या टेबलाशी उभे राहा. दगडाचा पातळसा थर घासला जातो, उघड्या पडलेल्या कापाचं चित्र काढलं जातं, मग पुढचा थर. एकामागून एक चित्रांतून राहण्याच्या कप्प्यातला काळसर डाग हळूहळू आकार घेतो. वर एक लहान जबडा, खाली एक मोठा, रुंद जबडा आणि दोघांच्या मधोमध दातांची पट्टी. १९६७ मध्ये त्यांनी अमोनाइटचे जबडे आणि दात जगासमोर ठेवले. ओळीत सात दात होते. पुढच्या काही वर्षांत त्यांनी दाखवून दिलं की ॲप्टिकस म्हणजे अमोनाइटचा खालचा जबडा. प्राणी आत ओढला गेल्यावर हाच जबडा झाकणाचंही काम करत असावा, असं आजही काही अभ्यासक मानतात. तो तोंडाचा भाग आहे याबद्दल मात्र आता दुमत राहिलेलं नाही.

पण या जबड्याकडे नीट पाहा. तो रुंद आहे, पुढची कड बोथट आहे. नॉटिलससारखं कवच फोडणारं कडक टोक त्याला नाही. या तोंडाने खेकडा फुटणार नाही. मग हा प्राणी खातो काय?

त्यासाठी सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीच्या उत्तर अमेरिकेत यावं लागतं. क्रिटेशस काळ. आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत खंडाच्या मधून एक समुद्र आरपार गेला आहे. आजच्या साउथ डकोटाची गवताळ माळरानं या कोमट पाण्याखाली आहेत. दूरवर मोसासॉर हा अजस्र सागरी सरडा फिरतो आहे. तुम्ही मात्र जवळ बघा. पुढ्यात बॅक्युलाइटीस आहे. हा अमोनाइटच, पण याचा शंख सुरुवातीच्या चिमुकल्या वळणानंतर सरळ वाढत गेलेला आहे.

त्याच्या तोंडाच्या अगदी समोर या. जबडे उघडतात, पाणी आत जातं, आणि पाण्याबरोबर डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव आत जातात. आत दातांची पट्टी पुढे सरकते. बाजूचे दात उंच, बारीक आणि बाकदार आहेत, सर्वांत उंच दात जेमतेम दोन मिलिमीटरचा. मधले दात फणीसारखे, अनेक टोकांचे आहेत. खोबरं खवण्याच्या खवणीइतकाही जोर त्यांच्यात नाही. हे दात फोडण्यासाठी नाहीत. आलेलं भक्ष्य अडकवून घशाकडे ओढणं हेच त्यांचं काम. आता एक बारीकसा कवचधारी जीव जबड्यांमध्ये येतो आणि दोन तुकडे होतो. त्याच घासात एक इवलीशी गोगलगाय आहे. तेवढ्यात हा प्राणी मरतो. कशाने, ते समुद्रच जाणे. घास तोंडातच राहतो आणि चिखल त्यावर बसतो.

हा घास पुन्हा पाहिला गेला तो फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे. तिथे ८४४ मीटर परिघाच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन फिरवून अतिशय तीव्र क्ष-किरण मिळवतात. दगड न फोडता, न घासता त्यातली कणाएवढी रचना त्रिमितीय दिसते. इझाबेल क्रूटा, नील लँडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅक्युलाइटीसचे जीवाश्म त्या किरणांखाली धरले आणि २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. जबडे, दातांची पूर्ण पट्टी आणि जबड्यांत अडकलेलं अन्न, म्हणजे एक बारीक गोगलगाय आणि तीन चिमुकले कवचधारी जीव, त्यांतला एक दोन तुकड्यांत कापलेला. जीवाश्मात इतरत्र कुठे असे जीव नव्हते, फक्त तोंडात होते. त्यामुळे मेलेल्या अमोनाइटला खायला ते आले असावेत ही शंकाही फारशी उरली नाही. रुंद ॲप्टिकसवाले अमोनाइट पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांवर, प्लवकांवर जगत असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून सगळे अमोनाइट एकच अन्न खात होते असं मात्र समजू नका. त्याच युगात जपानच्या होक्काइडोला गेलात तर तिथल्या काही अमोनाइटांच्या जबड्यांना कॅल्शियमचं कडक टोक दिसेल, नॉटिलसच्या चोचीसारखं. त्यांच्या अन्नात कठीण काही असणार. नातं म्हाकुलाशी, पण चोचीचं टोक नॉटिलससारखं. जबडा अन्नाप्रमाणे बदलतो, दातांची संख्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. म्हणून जबडा पोटाची गोष्ट सांगतो आणि दात कुळाची. दोन्ही वाचता आल्या तरच प्राणी कळतो.

आता ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या. हा मुक्काम सोपा नाही.

मेक्सिकोतल्या युकातानला अशनी आदळला आहे. तुमच्या ओळखीच्या सह्याद्रीचे काळे थर याच सुमारास लाव्हाच्या लोटांनी रचले जात आहेत. धूळ आणि काजळी आकाशात चढते, सूर्य झाकोळतो. समुद्राच्या पृष्ठभागावर उन्हावर जगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती मरतात, त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी मरतात, आणि वरच्या पाण्यातली प्लवकांची दाटी विरळ होत जाते.

याच पाण्यात अमोनाइटची पिल्लं आहेत. अंड्यातून बाहेर पडताना त्यांचा शंख जेमतेम मिलिमीटरभर असतो. ती स्वतः प्लवकांत तरंगतात आणि त्याच चिमुकल्या अन्नावर वाढतात. मोठेपणी चोच कडक असो वा बोथट, लहानपण सगळ्यांचं याच पाण्यात जातं. नॉटिलसच्या घराण्याचं तसं नाही. त्यांची अंडी मोठी आणि थोडी असतात. आजच्या नॉटिलसचं पिल्लू जवळजवळ वर्षभर अंड्यात वाढतं आणि बाहेर येतं तेव्हा त्याचा शंख अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतो. मोठं झाल्यावर ते खोल पाण्यात मेलेलं, टाकलेलं जे मिळेल ते फोडून खातं. वर उपासमार माजली तरी खाली काही काळ मेलेल्यांची कमतरता नसते.

३० कोटी वर्षांहून अधिक काळ समुद्र व्यापून राहिलेले अमोनाइट संपतात. अनेक आकारांचे, अनेक सजावटींचे, समुद्रभर पसरलेले. तेराच्या ओळीवालं लहान घराणं तरून जातं. हे सगळं तोंडानेच ठरवलं असं मी म्हणणार नाही. अंड्याचा आकार, वस्तीची खोली, नशीब, सगळ्यांचा वाटा त्यात असणार. पण अमोनाइट कशावर जगत होते हे कळल्याशिवाय ते कशामुळे मेले हा प्रश्न धड विचारताही येत नव्हता. दोन मिलिमीटरच्या दाताने तो विचारता आला.

तिथून आजच्या मालवणात या, मासळी बाजारात. पाटीत म्हाकूल चकचकीत पडलं आहे. विकणारी मावशी ते साफ करताना अंगातून पारदर्शक काडी ओढून बाजूला टाकते. एके काळच्या शंखाचा उरलेला अवशेष तो हाच. मग हात फाकवून ती मधोमध बोट दाबते आणि तपकिरी-काळी चोच टचकन बाहेर येते. ती मागून घ्या, धुऊन तळहातावर ठेवा. खालचा भाग वरच्यापेक्षा रुंद आहे आणि त्याला बाहेरून कवेत घेतो. लेमान यांच्या दगडातली मांडणीही हीच होती, खाली रुंद, वर लहान. जबड्यांमधल्या मऊ गोळ्यात, भिंग लावलं तर दिसेल अशी दातांची पट्टी आहे, आणि तिच्या ओळीत सात दात आहेत. शाळिग्रामावर चक्र उमटवून गेलेल्या त्या प्राण्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पलाऊच्या खोल पाण्यातला शंखवाला नाही. तो या पाटीत आहे, ऑक्टोपसात आहे, कटलफिशमध्ये आहे.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शंख टिकतो तो कठीण असतो म्हणून. प्राण्याबद्दल तो सर्वांत जास्त सांगतो असं त्यावरून ठरत नाही. आपण मात्र जे टिकलं त्यालाच मुख्य मानलं आणि त्यावरून अख्खा प्राणी रचला. कच्छच्या टेकड्यांत, स्पितीच्या काळ्या शेलमध्ये अमोनाइट आजही पावसागणिक उघडे पडतात. तुम्ही भूशास्त्राचे विद्यार्थी असाल, किंवा सहलीत असा दगड तुमच्या हाती लागला असेल, तर शंखाच्या शेवटच्या कप्प्यात भरलेला गाळ ब्रश आणि सुई घेऊन खरवडून टाकू नका. तिथे एखादी काळी रेघ, एखादा तपकिरी चकचकीत तुकडा दिसला, तर ती घाण समजू नका. दगड तसाच जपा, कुठे सापडला ते लिहून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. तो प्राणी काय खात होता आणि कुणाचा कोण होता, याचं उत्तर बहुधा त्या रेघेतच असेल.